तिच्या नावाचा पक्षी

गेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर मी रंगवलेला गूल्डियन फिंच छापून आला. उत्तर ऑस्ट्रेलियातला हा पक्षी आपल्या चिमणीहून थोडा लहान. पाठ हिरवी, पोट हळदीसारखं पिवळं, छाती जांभळी, डोकं काळं आणि त्या काळ्याला मागून आकाशी रंगाची कड. चाळीस वर्षं मी झाडांची आणि पक्ष्यांची चित्रं काढते आहे. त्यातली पहिली पंधरा एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागासाठी तक्ते रंगवण्यात गेली. पण एका चित्रावर इतकी पत्रं मला कधी आली नव्हती. म्हणून या वेळचं सदर त्याच पक्ष्याचं.

नाशिकहून एक निवृत्त बँक अधिकारी विचारतात: ताई, इथे पक्ष्यांच्या दुकानात याला ‘गोल्डियन’ म्हणतात. एक दुकानदार तर ‘लेडी गोल्डियन’ म्हणाला. तुमच्या अंकात मात्र ‘गूल्डियन’ छापलंय. ही छपाईची चूक का? अंगावर सोन्यासारखा पिवळा रंग म्हणून गोल्डियन, असं मी नातवाला सांगून बसलोय.

नातवाला पुन्हा जवळ बसवा आणि खरी गोष्ट सांगा. या नावाचा सोन्याशी काही संबंध नाही. गूल्ड हे आडनाव आहे, आणि हा पक्षी ओळखला जातो तो एलिझाबेथ गूल्ड या चित्रकर्तीच्या नावानं.

एलिझाबेथ १८०४ साली इंग्लंडमध्ये रॅम्सगेट गावी जन्मली. माहेरचं आडनाव कॉक्सन. लंडनमध्ये ती एका घरी मुलांना शिकवायची. १८२९ साली तिचं जॉन गूल्डशी लग्न झालं. जॉन माळ्याचा मुलगा. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात मेलेले पक्षी पेंढा भरून उभे करायचं काम करायचा. तेव्हा ‘लेडी’ म्हणावं असं सरदारघराणं दोन्हीकडे नव्हतं. ते बिरुद पक्षी पाळणाऱ्यांनी मागाहून चिकटवलं.

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच हिमालयातल्या पक्ष्यांची कातडी लंडनला पोचली. जॉननं त्यांचा ग्रंथ काढायचं ठरवलं आणि छपाईच्या दगडावर चित्रं काढायचं काम बायकोवर सोपवलं. तिनं ऐंशी चित्रपत्रं, म्हणजे पानभर चित्रं, केली, त्यांत शंभर पक्षी. हिमालय तिनं कधी पाहिला नाही. त्याच सुमारास, १८३१ साली, निकोलस व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञानं हिमालयातल्या एका लाल-पिवळ्या शिंजीराला तिचं नाव दिलं. म्हणजे आपल्या देशातही तिच्या नावाचा एक पक्षी आहे. सिक्कीम, अरुणाचलच्या बाजूला पक्षी बघायला जाणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. त्याला मिसेस गूल्डचा शिंजीर म्हणतात. पुढे डार्विनच्या बीगल जहाजावरून आलेल्या पक्ष्यांची पन्नास चित्रंही तिच्याच हातची. पाठ्यपुस्तकात गालापागोस बेटांवरच्या फिंचच्या चोचींची गोष्ट येते, त्या फिंचचीही चित्रं त्यात आहेत.

१८३८ साली नवरा-बायको ऑस्ट्रेलियाला निघाले. थोरला मुलगा बरोबर, धाकटी तिन्ही मुलं तिच्या आईकडे इंग्लंडात. होबार्टमध्ये तिला आणखी एक मुलगा झाला. जॉन रानोमाळ हिंडत होता आणि ती ताजे पक्षी आणि तिथली झाडंझुडपं समोर ठेवून रेखाटत होती. १८४० च्या ऑगस्टमध्ये ती परत आली. बरोबर वर्षानं, १५ ऑगस्ट १८४१ रोजी, आठव्या बाळंतपणानंतर सूतिकाज्वरानं ती गेली. वय सदतीस. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांच्या ग्रंथासाठी तिची चौऱ्याऐंशी चित्रपत्रं तेवढी पुरी झाली होती.

१८४४ साली जॉननं या रंगीत पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला तिचं नाव दिलं. पुढे त्यानं लिहून ठेवलंय, की हिनं कित्येक वर्षं पेन्सिल हातात घेऊन मला साथ दिली, माझ्याबरोबर ऑस्ट्रेलियाला आली, माझ्या प्रत्येक उद्योगात आनंदानं रस घेतला. तिचं काम ‘साथ’ एवढ्याच शब्दात मावणारं नव्हतं असं मला ठामपणे वाटतं. आयुष्यात साडेसहाशेच्या आसपास चित्रपत्रं करणारी बाई होती ती.

कोल्हापूरहून कलामहाविद्यालयातला एक विद्यार्थी: मॅडम, मी जुन्या ग्रंथातलं या पक्ष्याचं चित्र शोधून पाहिलं. खाली ‘गूल्ड आणि रिक्टर’ असं आहे. एलिझाबेथचं नाव का नाही? तिच्यावर अन्याय झाला का? आणि त्या काळात एवढे रंग छापायचे कसे?

चित्राखालची अक्षरं वाचायची सवय तुला आत्ताच लागली, याचा मला फार आनंद झाला. पुष्कळ जण चित्र बघतात आणि पान उलटतात.

तिचं नाव तिथे नाही, कारण ते चित्र तिनं काढलेलंच नाही. पक्ष्याचं बारसं झालं तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्यामागे हेन्री कॉन्स्टंटाइन रिक्टर नावाचा विशीतला चित्रकार त्या कामावर आला. त्यानं तिची कच्ची रेखाटनं वापरली, पुढची शेकडो चित्रं केली. ग्रंथ १८४० ते १८४८ या काळात छत्तीस भागांत निघाला, सात खंड, सहाशे चित्रपत्रं.

आता हे बघ. जॉन गूल्ड टास्मानिया, न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात फिरला. हा पक्षी राहतो पार उत्तरेला. गूल्डकडे त्याची कातडी पाठवली ती बीगल जहाजाचा शल्यवैद्य बेंजामिन बायनो यानं. रिक्टर ऑस्ट्रेलियाला गेलाच नाही. म्हणजे ज्यानं नाव दिलं त्यानं, ज्यानं रंगवला त्यानं आणि जिचं नाव दिलं तिनं, तिघांपैकी कुणीही हा पक्षी गवतातून उडताना पाहिला नव्हता. समोर होतं ते कापूस भरलेलं कातडं. कातड्यावर पिसांचा रंग बराचसा राहतो. पण चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी यांचा रंग काही दिवसांतच उतरतो. तो चिठ्ठीवरून घ्यायचा. पक्षी मिळवणाऱ्यानं तिथल्या तिथे ‘चोच अशी, पाय असे’ लिहून पायाला बांधलं असेल तर ठीक, नाहीतर अंदाज. मी स्वतः महाविद्यालयातल्या जुन्या कातड्यांवरून चित्रं केली आहेत, तेव्हा चोचीपाशी आल्यावर हात कसा थबकतो ते मला माहीत आहे. हे सगळं लक्षात घेऊन ते चित्र पुन्हा बघ, म्हणजे रिक्टरनं काय साधलंय ते कळेल.

छपाईचं म्हणशील तर ती शिळाप्रेस. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेवर धरते. आपल्याकडे रविवर्मा प्रेसनं १८९४ पासून गिरगावात आणि नंतर मळवलीला लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं छापली तीही दगडावरूनच. फरक एवढा, की तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि रंगही छापलेच जात. गूल्डच्या ग्रंथात दगड एकच, काळ्या रेषांचा. रंग प्रत्येक प्रतीवर हातानं भरलेले. अडीचशेच्या आसपास प्रती आणि सहाशे चित्रं, गुणाकार तू कर. गॅब्रिएल बेफील्ड नावाचा माणूस हे काम सांभाळायचा. त्याच्या हाताखाली बसून दिवसभर पिवळं पोट आणि जांभळी छाती भरणाऱ्यांची नावं कुठल्याच चित्राखाली नाहीत. अन्याय झाला का, असं विचारतोस ना? मला विचारशील तर तो इथे झाला.

रत्नागिरीहून सहावीतली एक मुलगी: आजी, मी तुमचं चित्र बघून पक्षी काढला आणि त्याचं डोकं लाल केलं, कारण मला लाल आवडतो. बाई म्हणाल्या चूक आहे. मग मला एका पुस्तकात लाल डोक्याचा सापडला. कोण बरोबर?

तुझं लाल डोकंही बरोबर आणि माझं काळंही बरोबर. बाईंना हे उत्तर दाखव, त्यांनाही आवडेल.

या पक्ष्यात तीन प्रकारची डोकी असतात. रानात मोजले तर साधारण चारांतले तीन काळ्या डोक्याचे, एक लाल डोक्याचा. पिवळं, म्हणजे खरं तर नारिंगीकडे झुकलेलं डोकं हजारोंत एखाद्याचं. तिघं एकाच थव्यात राहतात, एकमेकांशी जोड्याही जमवतात. पण कातडी बघून नावं देणाऱ्या जुन्या शास्त्रज्ञांना ते कळायला मार्ग नव्हता. दोन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञांनी, ओंब्राँ आणि झाकिनो यांनी, लाल डोक्याच्या पक्ष्याला ‘अद्भुत’ अशा अर्थाचं नाव दिलं. गूल्डला वाटलं लाल वेगळा, काळा वेगळा. पिवळ्या डोक्याच्याला मग तिसरं नाव मिळालं. एकाच घरातली तीन भावंडं तीन आडनावांनी शाळेच्या हजेरीपटावर असावीत तसं ते झालं.

डोक्याचा रंग ठरतो आईबाबांकडून मिळालेल्या गुणांवर. पक्ष्यांमध्ये नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात, मादीकडे एकच. काळं की लाल हे त्या झेडवर लिहिलेलं असतं आणि लाल काळ्यावर मात करतं. नराला एका झेडवर लाल मिळालं तरी पुरे, डोकं लाल होतं. मादीकडे झेड एकच, त्यावर असेल तोच तिचा रंग. पिवळ्याची गोष्ट निराळी. लाल रंग शरीरात तयार करायची कृती जिथे बिघडते, तिथे लालाच्या जागी पिवळा राहतो, आणि त्यासाठी तो बिघाड आई आणि बाबा दोघांकडूनही यावा लागतो. म्हणून तो इतका दुर्मीळ.

आता एक गंमत. काळ्या डोक्याच्या पक्ष्याची पांढुरकी चोच नीट बघ, टोकाला रंग असतो. बहुतेकांचा लाल, क्वचित एखाद्याचा पिवळा. डोक्यावर काळ्यानं जे झाकलंय ते चोचीच्या टोकावर दिसतं. माझ्या चित्रात तो ठिपका मी शेवटी दिला, सर्वांत बारीक कुंचल्यानं. तुझ्या चित्रात राहिला असेल तर आता देऊन टाक.

अमरावतीहून एक शिक्षिका: पक्षी इतका देखणा, पण त्याच्या मागे तुम्ही अर्धवट जळलेला बुंधा आणि वाळकं गवत काढलंय. मुखपृष्ठ उदास वाटतं. एखादी फुललेली फांदी नसती का शोभली?

माझ्या पहिल्या चित्रात फुललेली फांदीच होती. वीसेक वर्षांपूर्वी एका दिनदर्शिकेसाठी मी हा पक्षी जुन्या चित्रांवरून केला आणि शोभेल म्हणून गुलाबी फुलांवर बसवला. नंतर माझी भाची नर्स म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात गेली. तिच्याकडे गेले असताना एका सप्टेंबरात तिनं मला पहाटे तीनला उठवून गाडीत बसवलं आणि दोनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, पाइन क्रीकच्या बाजूला नेलं. त्या दिवसानंतर मी हा पक्षी फुलांवर बसवलेला नाही.

सप्टेंबर म्हणजे तिथल्या कोरड्या ऋतूची अखेर. चार-पाच महिने पावसाचा टिपूस नाही. ओढ्याच्या पात्रात एक डबकं उरलेलं, दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढं. आम्ही वीस पावलांवर एका खडकाला टेकून बसलो. उजाडल्यावर आधी इतर जातींच्या फिंचांची गर्दी झाली, लांब शेपटीवाले, काळ्या मुखवट्याचे. आमचे पाहुणे नाहीत. सात वाजून गेल्यावर वरच्या वाळक्या फांदीवर काही मातकट-हिरवट पक्षी येऊन बसले. मी दुर्बीण फिरवून पुढे गेले. भाची म्हणाली, “मावशी, तेच आहेत.” ती त्या वर्षीची पिल्लं होती. राखी डोकी, मळकट हिरवी पाठ. वाळक्या पानांत मिसळून गेलेली. त्यांची संख्या मोठी, आणि त्यांच्यात मधूनच एखादा पूर्ण रंगातला पक्षी. तो खाली उतरला तेव्हा पहिल्यांदा दिसली ती जांभळी छाती नाही, शेपटीच्या वरची निळसर झाक. ती मी एकाही छापील चित्रात नीट पाहिली नव्हती. तीन-चार मिनिटांत पाणी पिऊन सगळे उडाले. मी पेन्सिल उघडलीसुद्धा नव्हती.

मग दिवसभर आम्ही त्या टेकड्यांवर हिंडलो, तेव्हा मला त्याचं घर कळलं. बाई, तुम्ही विदर्भातल्या आहात, म्हणून तुम्हाला हे पटकन पोचेल. हा पक्षी ज्वारी खातो. आपली नव्हे, पण तिच्याच गोतातली, तिथली रानज्वारी. पावसाळ्यात ती माणसाच्या डोक्यावर जाते, पावसाळा सरताना दाणे जमिनीवर गळतात आणि पुढचे सहा-सात महिने हा पक्षी ते टिपत राहतो. तो जवळजवळ निव्वळ दाण्यांवर जगतो. इतर पक्षी पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, हा त्यांनाही मुख्यतः दाणेच देतो. म्हणून वीण या कोरड्या ऋतूतच, दाणे मुबलक असताना.

गंमत अशी, की त्याची उपासमार होते ती पाऊस पडल्यावर. पहिल्या सरींबरोबर जमिनीवरचा एकूण एक दाणा अंकुरतो. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत कणगी रिकामी असते, तसे ते दिवस. त्या वेळी त्याला वाचवतं ते वर्षानुवर्षं टिकणारं, लवकर दाणा धरणारं गवत. स्पिनिफेक्सचे काटेरी पुंजके, ककाटू ग्रास अशी दोन-चार गवतं, प्रत्येकाची आपली वेळ. एकाचा दाणा संपला की थवा दुसऱ्याकडे जातो. त्या साखळीतली एक कडी निखळली तरी दोन-तीन आठवडे अन्न नाही.

आणि कडी निखळते ती आगीनं. तिथले मूळनिवासी हजारो वर्षं गवत जाळत आले आहेत, पण कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला, जमीन अजून दमट असताना, तुकड्यातुकड्यानं. अशी आग गुडघाभर उठते, एका बाजूला जळतं आणि दुसऱ्या बाजूला उभं राहतं. त्या लोकांना त्यांच्या जमिनीवरून हटवल्यावर ती रीत मोडली. मग वाळलेलं गवत साठत गेलं आणि ऋतूच्या शेवटी मैलोन्‌मैल पसरणारे वणवे लागू लागले. त्यात टिकाऊ गवतांचे बुंधे होरपळतात, त्यांना पुढच्या पावसाळ्यात दाणा धरत नाही. वर मोकाट गुरं नेमकं तेच कोवळं गवत ओरबाडतात. आता कित्येक भागांत मूळनिवासी वनरक्षक पुन्हा जुन्या पद्धतीनं, वेळेवर, लहान लहान आगी लावतात. मी पाहिलेली टेकडी अशीच जाळलेली होती. काळे पट्टे आणि पिवळे पट्टे, गोधडीसारखे.

तुम्हाला जो जळका बुंधा उदास वाटला, ते त्याचं घरकुल आहे. हा पक्षी घरटं विणायच्या फंदात फारसा पडत नाही. स्नॅपी गम आणि सामन गम या युकॅलिप्टसच्या जातींच्या जुन्या ढोलीत तो अंडी घालतो. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. त्या पाहिजेत असतात सगळ्यांनाच. लांब शेपटीचे फिंच त्यासाठी याच्याशी भांडतात. पश्चिमेला विंडहॅमजवळ संशोधकांनी झाडांवर लाकडी पेट्या टांगल्या, तर त्यांत यांनी संसार मांडले. ढोलीत काळोख असतो, म्हणून पिल्लांच्या जबड्याच्या कडेला निळसर मोत्यांसारखे उंचवटे असतात. आत येणारा थोडासा उजेड त्यावर चमकतो आणि आईबापांना चोच कुठे आहे ते कळतं. ते मोती मी पाहिलेले नाहीत, छायाचित्रातच पाहिलेत. एकदा रंगवायचे आहेत.

तर फांदी बदलायची नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं आजही हा पक्षी संकटग्रस्त आहे, आणि त्याला संकटात काय टाकतंय ते त्याच्या पिसांवर दिसत नाही. ते बुंध्यावर आणि गवतातच दिसतं.

बेळगावहून एक वाचक, जलरंग शिकत आहेत: पाठीचा हिरवा रंग माझ्याकडून मळका होतो. ट्यूबमधला तयार हिरवा वापरला तर प्लास्टिकसारखा दिसतो. तुम्ही कोणता वापरलात?

हिरवा वापरलाच नाही. आधी लेमन यलोचा पातळ हात दिला, तो खडखडीत वाळू दिला आणि वरून निळ्याचा एकच पातळ हात. पुन्हा घोळायचं नाही. मळकटपणा येतो तो ओल्यावर ओलं फिरवल्यानं.

पक्षीही असंच करतो. त्याच्या पिसात हिरवं रंगद्रव्य नाही. पिवळं द्रव्य आहे, आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेमुळे परावर्तित होणारा निळा उजेड आहे. दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. पाळीव पक्ष्यांत कधी कधी ते पिवळं द्रव्यच नसलेला पक्षी जन्मतो. त्याची पाठ निळी आणि पोट पांढरं. जांभळ्या छातीसाठी अल्ट्रामरीनवर थोडा गुलाबीकडे जाणारा लाल घ्या, पण छाती आणि पोट जिथे भेटतात तिथे कोरडी, करकरीत रेघ ठेवा. ती सीमा पक्ष्यावरही पट्टीनं आखल्यासारखीच असते. जांभळा आणि पिवळा एकमेकांत शिरले की चिखल होतो.

ठाण्याहून एक गृहिणी: आमच्या बाल्कनीत पिंजऱ्यात यांची जोडी आहे. तुमचं चित्र पाहिल्यापासून अपराधी वाटतंय. येऊरच्या जंगलात सोडून देऊ का?

नाही, कृपा करून सोडू नका. ऑस्ट्रेलियानं १९६० सालीच आपले पक्षी बाहेर पाठवणं बंद केलं. तुमची जोडी कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या पक्ष्यांची आहे. येऊरच्या पावसात ती आठवडाभर टिकणार नाही, आणि टिकली तर इथल्या पक्ष्यांत परका आजार सोडेल. त्यांना सांभाळणं हेच आता तुमचं काम. पिंजरा आडवा लांब घ्या, उंच नको. त्यांना उडायला लांबी लागते. गार वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. श्वास घेताना टिक-टिक असा आवाज आला किंवा चोच उघडी राहू लागली तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. श्वासनलिकेत शिरणारा एक बारीक कोळीवर्गी किडा या जातीला फार छळतो; रानातल्या पक्ष्यांतही तो सापडला आहे. आणखी जोड्या विकत घेऊ नका, एवढंच माझं मागणं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. ही जोडी पुष्कळदा आपली अंडी उबवत नाही, मग पाळणारे ती बंगाली फिंचच्या खाली ठेवतात. तो बंगाली फिंच म्हणजे माणसाळलेली पांढऱ्या पाठीची मुनिया. तिचे रानातले भाऊबंद आपल्या कोकणात आणि घाटात आहेत.

फलटणहून एक शेतकरी: असा रंगाचा पक्षी आपल्याकडे का नाही, असं मनात आलं. की आहे आणि आम्हीच बघत नाही?

आहे, दादा. आणि तुमच्या उसाच्या बांधावर असेल. फिंच म्हणतात खरं, पण गूल्डियन हा खऱ्या फिंचांच्या कुळातला नाही. तो आपल्या मुनियांच्या कुळातला. म्हणजे त्याची जवळची भावकी आपल्याच गवतात आहे. त्यातली लाल मुनिया बघा. उन्हाळ्यात नर-मादी दोघंही मातकट असतात, कुणाचं लक्ष जात नाही. पाऊस लागला की नर लाल होत जातो, अंगभर पांढरे ठिपके, जणू कुणी कुंकवात तांदूळ सांडलेत. युरोपात हा पक्षी अहमदाबादच्या बाजारातून गेला, म्हणून लिनियसनं १७५८ साली त्याला दिलेल्या शास्त्रीय नावात ‘अमंदवा’ आहे. तो अहमदाबादचाच अपभ्रंश. त्यालाही माणसानं पिंजऱ्यात खूप घातलं. आता आपल्या कायद्यानं रानातला कोणताही देशी पक्षी पकडणं किंवा विकणं गुन्हा आहे.

बांधावरचं सगळं गवत एका दिवशी पेटवू नका, थोडं उभं ठेवा. बी धरलेलं गवत असेल तिथेच ती येते. पुण्याजवळ कवडीपाटला नदीकाठच्या गवतात मी दर वर्षी ऑगस्ट सरताना जाते. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ. नर आपल्याहून लांब गवताचं पातं चोचीत धरून घरट्याकडे जातो, तेव्हा पातं वाऱ्यावर मागे लहरत असतं आणि त्याच्या पुढे एक लाल ठिपका. यायचं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. बसायला प्लास्टिकचा तुकडा आणा, गवत ओलं असतं.